किल्ल्यांच्या शिट्ट्या आणि मी, ओकचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, आणि आयुष्यभर जितका आपटला गेलो तितकाच मान मिळवला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दरवाजा आपटला तर मोठी माणसे ओरडतात. मला आपटायला मात्र पगारी माणसे ठेवलेली होती, आणि तो आवाज ऐकायला लोक नटूनथटून, तिकिटे काढून येत असत.

मी नाटकातला दरवाजा. फ्रान्स देशात लोआर नदीच्या काठी आमचे गाव आहे, तिथल्या नाट्यगृहात माझी हयात गेली. रंगमंचावर जे घर उभे करतात त्यात खरे असे थोडेच असते. भिंती कापडाच्या, खिडकी रंगवलेली, शेगडीतला विस्तव म्हणजे लाल कागद. त्या घरात खरा फक्त मी. अस्सल ओकचे लाकूड, पितळी मूठ, पितळी कुलूप.

गोदिए नावाच्या सुताराने मला घडवले. पूर्वी नदीतून दारूची पिंपे वाहून नेणाऱ्या सपाट नावा चालत. आगगाडी आली आणि त्या नावा काठाला पडून राहिल्या. त्यातल्या एकीच्या फळ्या गोदिएने खांद्यावरून वाहून आणल्या. नाटकवाले त्याला हसले.

"अरे गोदिए, कापडाच्या घराला ओकचा दरवाजा? उद्या कागदी बाहुलीला लोखंडी बूट घालशील!"

गोदिए रंधा मारत म्हणाला, "कापडाचा दरवाजा आपटला की फडफडतो. नवऱ्याला सोडून निघालेली बाई फडफडत जाते काय? ती धाडकन जाते. तुम्हाला अनुभव नसेल, मला आहे."

मग कोणी हसले नाही. त्याने माझी चौकट मागच्या बाजूने जाड लोखंडी पायांवर उभी केली, म्हणजे मी कितीही जोरात लागलो तरी कापडी भिंत थरथरू नये. माझा आवाज सर्वांत वरच्या माडीपर्यंत जाई. तिथल्या स्वस्त बाकांवर बसणारे कोळसेवाले आणि धोबिणी माझ्या आवाजावरच टाळी देत. राजेराण्यांच्या नाटकांत मला कुणी विचारत नसे. त्यांना खांब पुरतात. पण नवराबायकोचे नाटक असले की आधी मला पुसून पुढे आणत, मग नटांना. ही गोष्ट मी आजही ताठ मानेने सांगतो.

आता आमच्या गावाची एक रीत सांगतो, कारण पुढची सगळी हकीगत तिच्यावरच उभी आहे. दरवर्षी पानगळ सुरू झाली की नाटक मंडळीत नवी माणसे येत. त्यांना ठेवायचे की नाही हे मालक ठरवत नसे, गाव ठरवत असे. नव्या नटाने तीन निरनिराळ्या नाटकांत उभे राहायचे. तिसऱ्या नाटकाचा पडदा पडला की पोलीस कमिशनर कमरेला तिरंगी पट्टा बांधून आपल्या सज्जात उठत. लोक टाळ्या वाजवत किंवा शिट्ट्या मारत. कमिशनर दोन्हींचा अंदाज घेत आणि जाहीर करत, "पसंत!" किंवा "नापसंत!" नापसंत म्हटले की करार फाटला. एकदा ऑक्टोबर लागला की देशातल्या सगळ्या मंडळ्या भरलेल्या असत. नापसंत माणसाने तो हिवाळा कुठे काढायचा, ते त्याचे त्याने पाहावे.

आणि शिट्ट्या कशा मारत, ठाऊक आहे? घराच्या किल्लीने! तेव्हाच्या किल्ल्या चांगल्या वीतभर लांब आणि पोकळ नळीच्या असत. नळीचे तोंड ओठाला लावून फुंकले की कानठळ्या बसत. मला त्याचा फार राग येई. किल्ली ही आम्हा दरवाजांच्या घराण्यातली. तिने माणसांना आत घ्यावे. माणसांना हुसकून लावायला तिला वापरणे मला कधीच पटले नाही.

साल होते अठराशे चौऱ्यांशी. त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या सभेने कायदा करून नवराबायकोला पुन्हा काडीमोडाची मोकळीक दिली. कितीतरी वर्षे ती बंद होती. गावात दुसरा विषय नव्हता. पाववाल्याच्या दुकानात तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. आमचे मालक फुर्कादसाहेब हुशार. त्यांनी लगेच काडीमोडावरचेच एक हसरे नाटक बसवायला घेतले. नाटकाचे नाव 'कुणाचे घड्याळ?'

गोष्ट अशी. एक सुखवस्तू जोडपे भांडणाला कंटाळते आणि नव्या कायद्याने वेगळे व्हायचे ठरवते. सामानाची वाटणी अगदी गोडीगुलाबीने होते. पलंग तुझा, कपाट माझे. पण बैठकीतले एक बंद पडलेले घड्याळ दोघांनाही हवे असते. त्यावरून जुंपते, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको ते काखोटीला मारून मला आपटून चालती होते. तिसऱ्या अंकात ती पाहुणीसारखी येऊन माझ्यावर टकटक करते, नवरा परक्यासारखा "कोण आहे?" विचारतो, आणि दोघे नव्याने एकमेकांच्या प्रेमात पडतात. माझ्याशिवाय हे नाटक होऊच शकत नव्हते. हे मी म्हणत नाही, खुद्द फुर्कादसाहेब म्हणत.

बायकोचे काम करणार होती लेओंतीन बार्दू. ती त्या वर्षी नवीनच आली होती. वय चाळिशीच्या बरेच पुढे, आवाज किंचित घोगरा, आणि चाल अशी की रिकाम्या रंगमंचावरून नुसती गेली तरी रंगमंच भरल्यासारखा वाटावा. तिचे पहिले नाटक छान झाले. मग गावात बातमी फुटली की ही बाई नवऱ्याला सोडून राहते. दुसऱ्या नाटकाला शिट्ट्या सुरू झाल्या. शिट्टीवाल्यांचे पुढारी होते नोटरी त्रेबुशे. गावातल्या प्रत्येक लग्नाचा करार त्यांच्या हातून होई, त्यामुळे प्रत्येक संसार आपण स्वतः उभा केला आहे असे त्यांना वाटे. रंगमंचाला अगदी लागून असलेला पहिला सज्जा त्यांचा. आता तिसरे आणि शेवटचे नाटक होते हे काडीमोडाचे.

दरवाजाला दोन बाजू असतात, म्हणून त्याला दोन्हीकडचे ऐकू येते. प्रेक्षकांना पुढची बाई दिसे, मला मागची. एकदा तालमीत ती माझ्यामागे आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभी होती. गोदिए जवळच होता.

"बाई, हात का हो कापतायत?"

"थंडी आहे."

"सप्टेंबरात?"

"मग म्हातारपण म्हणा. ते चालेल ना?"

गोदिए माझ्या बिजागरीत तेल सोडू लागला. तीच पुढे म्हणाली, "तूर शहरात आमच्या ह्यांचं टोप्यांचं दुकान आहे, बाबा. मी निघाले तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, 'शिट्ट्या बसल्या की येशील परत. वरची खोली झाडून ठेवतो.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. दार ओढून घेतलं."

"आपटलं की नाही?"

"कसं आपटणार? दुकानात गिऱ्हाईक होतं."

गोदिए मोठ्याने हसला आणि पलीकडून फुर्कादसाहेब खेकसले, "मागे कोण हसतंय? विनोद इकडे पुढे चाललाय!" पण मला हसू आले नाही. ती वरची खोली कशी असेल ते मला लगेच कळले. बाहेरून कडी असलेल्या खोल्या आम्ही दरवाजे न पाहताही ओळखतो.

शेवटच्या नाटकाचा दिवस उजाडला. नेहमीचा रंगारी पॅरिसला निघून गेला होता, म्हणून फुर्कादसाहेबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एकाला आदल्या दिवशी बोलावले होते. नवे नाटक, तेव्हा दरवाजाही नवा दिसू दे, एवढेच त्याला सांगितले होते. त्याने आपल्या मताने मला रंगवले आणि खुशीत घरी गेला. सकाळी मंडळी तालमीला आली. नवऱ्याचे काम करणारा मेरील पुढे होता. मला पाहताच तो जागच्या जागी थांबला आणि त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

मी हिरवागार होतो.

मित्रांनो, तुम्हाला हिरव्या रंगात काही वावगे वाटणार नाही. पण आमच्याकडच्या नटांना रंगमंचावर हिरवा रंग म्हणजे साक्षात अपशकुन. हिरवा झगा घालायचा नाही, हिरवी खुर्ची मांडायची नाही.

"मी त्याला हात लावणार नाही," मेरील म्हणाला. "शिंकलो तरी त्याच्याकडे तोंड करून शिंकणार नाही."

"अहो मेरील, तुमची तर कायमची नेमणूक आहे!" लेओंतीनबाई कडाडली. "पारख माझी आहे आज! फुर्कादसाहेब, रंग बदला. नाहीतर मी त्या खिडकीतून जाईन."

"खिडकी रंगवलेली आहे, बाई."

"तर मग भिंत फाडून जाईन!"

फुर्कादसाहेबांनी कपाळ धरले. गोदिएने बाह्या सारल्या. "त्यात काय एवढं? वर तपकिरी हात मारतो. शेजारी शेगडी ठेवली की संध्याकाळपर्यंत खडखडीत."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारभर मला तपकिरी रंगाचे जाड थर बसले आणि शेगडीची धग लागली. संध्याकाळी माझ्यावर हिरव्याचा ठिपका उरला नव्हता. मी रुबाबदार दिसत होतो, असे चार जणांनी म्हटलेही. पण वर सुकलेला रंग कडेला आत ओलाच होता. मला चौकटीत लावले, पहिल्या अंकापासून मी बंदच राहिलो, आणि तो रंग गोंदासारखा धरत गेला.

नाट्यगृह खचाखच भरले. पहिला अंक बरा गेला. पहिल्यांदा 'काडीमोड' हा शब्द आला तेव्हा नोटरी त्रेबुशेंनी खिशातून घराची किल्ली काढून सज्जाच्या मखमली कठड्यावर सर्वांना दिसेल अशी ठेवली. त्यांच्या आजूबाजूच्या सज्जांतूनही किल्ल्या बाहेर आल्या. त्रेबुशेबाई नवऱ्याशेजारी पंखा हलवत बसल्या होत्या. त्या लेओंतीनच्या प्रत्येक वाक्याला हसत होत्या, पण पंख्याआड.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. लेओंतीनने घड्याळ काखेत मारले. "राहा तुमच्या कपाटात!" हे वाक्य नवऱ्याच्या तोंडावर फेकले, वळली, माझ्याकडे आली आणि माझ्या मुठीला हात घातला.

मी हललो नाही.

तिने ढकलले. मग खांदा लावला. मी चौकटीला चिकटलेला. पलीकडे गोदिएच्या लक्षात आले. त्याने माझी मागची मूठ दोन्ही हातांनी धरली, चौकटीला पाय लावला आणि ओढू लागला. मेरील रंगमंचाच्या मधोमध तोंड उघडे टाकून उभा. त्याचे पुढचे वाक्य ती गेल्यानंतरचे होते, आणि ती तर जात नव्हती. खाली आपल्या खोपटात बसलेला, नटांना वाक्ये सुचवणारा प्रॉम्प्टर बिचारा कुजबुजत राहिला, "गेली एकदाची... गेली एकदाची..."

"कुठे गेली? इथंच तर आहे!" वरच्या माडीवरून कोणीतरी ओरडले.

आणि मग त्रेबुशेंनी किल्ली ओठाला लावली. एक कर्कश शिट्टी आली. तिला दुसरी मिळाली, तिसरी मिळाली. गॅसचे दिवेसुद्धा थरथरले असे मला वाटले. माझ्या मुठीवर तिचा हात होता आणि तो बर्फासारखा गार पडत चालला होता. तिच्या डोळ्यांपुढे काय आहे ते त्या सबंध नाट्यगृहात गोदिएला आणि मला, दोघांनाच माहीत होते. झाडून ठेवलेली वरची खोली.

तिने मूठ सोडली. घड्याळ शांतपणे जमिनीवर ठेवले. चार पावले पुढे आली आणि थेट पहिल्या सज्जासमोर उभी राहिली. शिट्ट्या चालूच होत्या. तिने मान वाकडी करून गाणे ऐकावे तशा त्या ऐकल्या. लोकांना नवल वाटले. एकेक शिट्टी थांबली. नोटरीसाहेबांचीच काय ती उरली.

मग ती अगदी घरगुती आवाजात म्हणाली, "अहो साहेब, गावभरच्या किल्ल्या इथं जमल्यात, आणि मला मेलीला बाहेर पडायला एक मिळेना होय? तुमची द्या ना जरा. फुंकून दार उघडत नाही."

आणि मग वरच्या माडीवरून हास्याचा असा लोंढा कोसळला की खालचे शेटसावकारही त्यात वाहून गेले. धोबिणी कठड्यावर हात आपटू लागल्या. "द्या की हो किल्ली! बाई खोळंबलीय!"

नोटरीसाहेब लालबुंद. त्यांनी किल्ली मुठीत दाबली. तेवढ्यात त्रेबुशेबाईंनी पंखा मिटला, नवऱ्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली आणि कठड्यावरून वाकून रंगमंचावर टाकली.

"अगं, घराची आहे ती!" नोटरी ओरडले.

"माहीत आहे मला. रोज मीच उघडते ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. हे वाक्य नाटकात नव्हते, पण त्या दिवशी सर्वांत जास्त हशा त्यालाच मिळाला.

लेओंतीनने किल्ली उचलली, बाईंना खाली वाकून मुजरा केला, घड्याळ परत काखेत घेतले आणि माझ्याकडे आली. माझ्या कुलपाला तिने ती किल्ली लावली. ती बसणार नव्हतीच. पण तिने ती फिरवल्याचा आव आणला, आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडे गोदिएने सगळे अंग मागे टाकले. फाडकन रंग सुटला. मी सताड उघडलो. टाळ्यांनी छप्पर उडायचे बाकी राहिले. ती डौलात बाहेर पडली आणि मला जोरात लोटून दिले. धाड! मित्रांनो, त्या दिवशीचा माझा आवाज नदीपलीकडे ऐकू गेला असे म्हणतात. मला ते खोटे वाटत नाही.

तिसऱ्या अंकात शिट्टी वाजली नाही. नोटरीसाहेबांकडे किल्ली नव्हती, आणि बाकीच्यांना हसण्यातून फुंकायला सवड नव्हती. शेवटी कमिशनर पट्टा सावरत उठले. त्यांना अंदाज घ्यायचे कामच पडले नाही.

"पसंत!" ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच टाळ्या वाजवू लागले.

पडदा पडल्यावर नोटरी त्रेबुशे टोपी हातात धरून मागच्या बाजूला आले. किल्ली नेल्याशिवाय घरात शिरणार कसे? लेओंतीनने ती आपल्या रुमालाने पुसून त्यांच्या हातावर ठेवली. "फार गोड वाजते," ती म्हणाली. "पण जपा. एखाद्या दिवशी नळीत थुंकी अडकून तुम्हीच बाहेर राहाल."

नोटरी पहिल्यांदा हसले, थोडेसेच, आणि तेही मागे कोणी पाहत नाही ना हे बघून.

लेओंतीन तो हिवाळा आमच्याकडे राहिली. पुढचेही कितीतरी. 'कुणाचे घड्याळ?' पुन्हा पुन्हा लागले. आता तिला पाहून लोक गाडीतून उतरून टोपी काढत. वसंत ऋतूत एकदा ती दोन-तीन दिवस तूरला जाऊन आली. रविवारी दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकाआधी ती माझ्यामागे उभी होती. तिचे हात स्थिर होते.

"झालं, बाबा," ती गोदिएला म्हणाली.

"काय झालं?"

"काडीमोड. कोर्टाचा शिक्का बसला. खऱ्यातला."

गोदिएने हातोडा खाली ठेवला. "मग आता हसायचं की रडायचं, बाई?"

"ठरवलं नाही अजून. हा प्रवेश होऊन जाऊ दे."

ती कापडी भिंतीच्या कडेने रंगमंचावर गेली. भांडली, घड्याळ उचलले, आली आणि मला आपटून बाहेर पडली. नेहमी ती लगेच कपडे बदलायला धावे. त्या दिवशी धावली नाही. माझ्या मागच्या फळीवर तिने पाठ टेकली, घड्याळ उराशी धरले आणि हसू लागली. हसता हसता डोळे भरले. आवाज मात्र होऊ दिला नाही, कारण पुढे मेरीलचे वाक्य चालू होते आणि ती पक्की नटी होती. माझ्या एका अंगाला सबंध नाट्यगृह हसत होते. दुसऱ्या अंगाला ती एकटी. मध्ये मी, नावेच्या फळ्यांचा एक दरवाजा. मी जराही करकरलो नाही.

आता मी सामानाच्या कोठीत भिंतीला टेकून असतो. नव्या नाटकांना हलके, कापडाचे दरवाजे लागतात म्हणे. माझ्या मुठीला लोक ओल्या छत्र्या अडकवतात, उंदरांनी खालचा कोपरा कुरतडला आहे. मी तक्रार करत नाही. ज्याच्या पाठीला टेकून एक माणूस असे मोकळे झाले, त्याने छत्र्यांचे वाईट वाटून घेऊ नये.

फक्त तुम्हाला एवढे सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या दरवाजाला जपा. त्याच्या बिजागऱ्यांना वेळच्या वेळी तेल घाला, दमट हवेत तो फुगला तर लाथ न घालता सुताराला बोलवा, आणि कुणी त्यातून जायला निघाले असेल तर चौकटीत हात पसरून उभे राहू नका. दरवाजा नीट उघडला आणि नीट लागला, एवढ्यावर कुणाचे तरी आयुष्य अडलेले असते. कुणाचे, ते तो कधी सांगत नाही.